आधी ठिपका, मग अक्षर: रेट्रो पिक्सेल फॉन्ट नेमका कसा वापरावा

गेमिंग स्पर्धेचे पोस्टर, नव्या कॅफेची पाटी, कॉलेजच्या टेक फेस्टचा टी-शर्ट किंवा एखाद्या छोट्या मोबाइल गेमचा पहिला पडदा, या सगळ्यांवर हल्ली चौकोनी ठिपक्यांची अक्षरे सर्रास दिसतात. जवळून पाहिले तर मात्र यांपैकी बऱ्याच कामांत अक्षरांच्या कडा धुरकट झालेल्या असतात, एकाच अक्षरातला एक उभा दांडा जाड आणि दुसरा बारीक असतो, किंवा मथळ्याचे ठिपके मोठे आणि शेजारच्या चित्राचे ठिपके भलत्याच मापाचे असतात. कारण बहुधा एकच असते. पिक्सेल फॉन्टही इतर फॉन्टप्रमाणे कोपरा धरून डोळ्यांना बरे वाटेल तेवढा ताणला जातो. वस्तुतः या फॉन्टमध्ये ठिपका हेच मोजण्याचे एकक आहे. त्याचे माप एकदा ठरले की अक्षराचा आकार, ओळींतले अंतर, समास, सावली आणि चित्रे या सगळ्यांची मापे त्यातूनच निघतात. हा हिशेब कसा करावा, तो कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे बिघडतो आणि मराठी मजकूर असेल तेव्हा काय करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. उदाहरणासाठी ‘प्रेस स्टार्ट टू पी’ हा सर्वांना मोफत मिळणारा फॉन्ट घेतला आहे.

हे वळण आले कुठून

‘प्रेस स्टार्ट टू पी’ हा फॉन्ट ‘कोडमॅन ३८’ या नावाने काम करणाऱ्या कोडी बॉइसक्लेअर यांनी तयार केला असून तो गूगल फॉन्ट्सवर उपलब्ध आहे. नामको या जपानी कंपनीच्या १९८० च्या दशकातील आर्केड यंत्रांवर, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर, जी अक्षरे दिसत, त्यांवर तो बेतलेला आहे. १९८० साली आलेल्या ‘पॅक-मॅन’चा पडदा २२४ ठिपके रुंद आणि २८८ ठिपके उंच होता आणि तो ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटींमध्ये, म्हणजे २८ स्तंभ आणि ३६ ओळींमध्ये, विभागलेला होता. प्रत्येक अक्षराला एक चौकट मिळे. एका रंगातले असे अक्षर साठवायला ८ बाइट्स पुरतात, त्यामुळे ६४ अक्षरांचा संच ५१२ बाइट्समध्ये मावत असे. मेमरी महाग असण्याच्या काळात हा हिशेब निर्णायक होता.

या चौकटीतल्या इंग्रजी कॅपिटल अक्षरांना प्रत्यक्षात ७ × ७ ठिपकेच मिळतात, कारण उजवीकडचा स्तंभ आणि खालची ओळ रिकामी ठेवलेली असते. अक्षरांमधले आणि ओळींमधले अंतर तेथूनच येते. दुसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे उभे दांडे दोन ठिपके जाड आहेत आणि आडव्या रेषा एकच ठिपका. काचेच्या जुन्या नळीच्या पडद्यावर एका ठिपक्याची उभी रेषा फिकट पडत असे, म्हणून तिला दुप्पट जाडी देण्यात आली. आज त्या पडद्याची गरज उरलेली नसली तरी आर्केडची ओळख या जाड-बारीक फरकातूनच पटते, आणि पुढे मराठी अक्षरे काढताना हाच फरक उपयोगी पडतो.

फॉन्ट निवडताना

सगळे पिक्सेल फॉन्ट एका काळाचे नसतात आणि वाचणाऱ्याला ते नेमके जाणवते. आर्केड किंवा घरगुती गेमिंग यंत्राचा भास हवा असेल तर ‘प्रेस स्टार्ट टू पी’ योग्य ठरतो. काळ्या पडद्यावर हिरवी किंवा पिवळसर अक्षरे उमटणाऱ्या कार्यालयीन टर्मिनलची आठवण करून द्यायची असेल तर पीटर हल यांचा ‘व्हीटी ३२३’ घ्यावा, कारण तो डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीटी ३२० या टर्मिनलच्या अक्षरांवरून घडवलेला आहे. त्याची अक्षरे अरुंद आणि उंच असल्यामुळे चार-सहा ओळींचा मजकूरही त्यात वाचता येतो. जेसन कॉट्की यांचा १९९९ मधील ‘सिल्कस्क्रीन’ हा सुरुवातीच्या वेबसाइटवरील बारीक बटणांसाठी केलेला फॉन्ट असून फक्त कॅपिटल अक्षरांचा आहे. पहिल्या मॅकिन्टॉशसाठी सुझन केअर यांनी काढलेला ‘शिकागो’ आणि झुझाना लिच्को यांनी १९८५ मध्ये ‘एमिग्रे’ या डिझाइनविषयक नियतकालिकासाठी केलेले फॉन्ट या गोष्टीची दुसरी बाजू दाखवतात. तेथे ठिपक्यांची मर्यादा मान्य करून, तिच्या आत राहून, वेगळे वळण शोधलेले दिसते. आर्केडचा गोंगाट नको आणि ठिपक्यांचा नेटकेपणा मात्र हवा, अशा कामाला त्या परंपरेतले फॉन्ट अधिक शोभतात.

परवान्याचा भाग थोडक्यात सांगता येतो. ‘प्रेस स्टार्ट टू पी’, ‘व्हीटी ३२३’ आणि ‘सिल्कस्क्रीन’ हे तिन्ही फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. त्यामुळे ते व्यावसायिक कामात, छपाईत, वेबसाइटवर आणि गेमच्या फाइलमध्ये बिनधास्त वापरता येतात. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही, आणि त्यात बदल करून तो पुढे वाटायचा असल्यास त्याच परवान्याखाली वाटावा लागतो. प्रसिद्ध गेमच्या लोगोवरून कोणी हौसेने बनवलेले फॉन्ट इंटरनेटवर पुष्कळ मिळतात, पण त्यांचा परवाना बहुधा वैयक्तिक वापरापुरताच असतो. ग्राहकाच्या कामात ते घालू नयेत.

पहिली पायरी: ठिपक्याचे माप ठरवणे

‘प्रेस स्टार्ट टू पी’ची चौकट ८ ठिपक्यांची असल्यामुळे त्याचा फॉन्ट साइझ ८ च्या पटीतच ठेवावा, म्हणजे ८, १६, २४, ३२, ४० असा. १६ पिक्सेलला प्रत्येक ठिपका २ पिक्सेलचा होतो आणि २४ ला ३ पिक्सेलचा. १८ किंवा २० घेतले की ठिपका सव्वादोन किंवा अडीच पिक्सेलचा होतो आणि संगणकाला अर्धा पिक्सेल दाखवता येत नसल्याने तो तेथे करडा रंग भरतो. धूसर कडा म्हणतात त्या याच.

वेबसाइटसाठी काम करताना यात आणखी एक मेख आहे. विंडोजच्या अनेक लॅपटॉपवर डिस्प्लेचे स्केलिंग १२५ किंवा १५० टक्क्यांवर ठेवलेले असते. १६ पिक्सेलचे अक्षर १२५ टक्क्यांवर २० पिक्सेलचे होते, म्हणजे ठिपका अडीच पिक्सेलचा, आणि आपल्या संगणकावर स्वच्छ दिसलेला मथळा दुसऱ्याच्या संगणकावर धुरकटतो. १५० टक्क्यांवर तेच अक्षर २४ चे होऊन पुन्हा नीट दिसते, त्यामुळे गोंधळ वाढतो. ३२ पिक्सेलचा आकार मात्र १२५ टक्क्यांवर ४०, १५० वर ४८, १७५ वर ५६ आणि २०० वर ६४ होतो आणि या चारही संख्यांना ८ ने पूर्ण भाग जातो. म्हणून डेस्कटॉपवरील मुख्य मथळ्यासाठी ३२ पिक्सेल हे सर्वांत सुरक्षित माप आहे. मोबाइलच्या पडद्यावर पिक्सेल इतके दाट असतात की पाव ठिपक्याचा फरक डोळ्यांना कळत नाही. तेथे खरी अडचण रुंदीची असते. ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल समास सोडल्यास ३२८ पिक्सेल उरतात आणि १६ च्या आकारात एका ओळीत २० अक्षरेच मावतात. मथळा लिहिणाऱ्याला ही संख्या आधीच सांगून ठेवावी.

समाजमाध्यमांच्या चित्रांसाठी उलट दिशेने जावे. आधी लहान कॅनव्हासवर काम करावे आणि शेवटी ते पूर्ण पटीत मोठे करावे. १०८० × १३५० च्या पोस्टसाठी २१६ × २७० चा कॅनव्हास घेऊन तो पाचपट केला की माप तंतोतंत जुळते. १०८० × १९२० च्या स्टोरीसाठी २१६ × ३८४ चा कॅनव्हास चालतो, कारण तोही पाचपटच होतो, आणि त्यात ८ ठिपक्यांच्या चौकटी बरोबर २७ स्तंभ आणि ४८ ओळींत बसतात. २१६ ठिपक्यांच्या रुंदीत काम करताना हात आपोआप आखडता राहतो, आणि या शैलीला तेच मानवते.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअरचा मदतीचा हात रोखणे

अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची अँटी-अलायझिंग ही सोय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मुळातच चालू असते. फोटोशॉपमध्ये टाइप टूल निवडल्यावर वरच्या पट्टीत तिच्या पर्यायांमधून ‘नन’ निवडावे. गिंपमध्ये टेक्स्ट टूलच्या पर्यायांतली अँटी-अलायझिंगची खूण काढावी. चित्र मोठे करताना फोटोशॉपमध्ये ‘निअरेस्ट नेबर’ आणि गिंपमध्ये इंटरपोलेशनसाठी ‘नन’ निवडले तरच ठिपके चौकोनी राहतात. फिग्मासारख्या साधनात अक्षरपेटीचे आडवे आणि उभे स्थान पूर्णांकात आहे की नाही, हे प्रत्येक वेळी तपासावे, कारण माउसने सरकवलेली पेटी सहज १२.३७ अशा जागी जाऊन बसते.

वेबसाइटवर ब्राउझरला अँटी-अलायझिंग बंद करायला सांगणारी सीएसएसची, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेची, सूचना आहे, पण ती मॅकपुरतीच लागू पडते आणि विंडोज तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून तिच्या भरवशावर न राहता योग्य पटीतला आकार हाच उपाय धरावा. सोबतच्या पिक्सेल चित्रांना मात्र ‘इमेज-रेंडरिंग’ या गुणधर्मात ‘पिक्सेलेटेड’ हे मूल्य दिले की सर्व प्रचलित ब्राउझर ती स्वच्छ मोठी करतात. गोडो या गेम बनवण्याच्या इंजिनमध्ये फॉन्ट आयात करताना अँटी-अलायझिंग, हिंटिंग (अक्षराचा आकार पडद्याच्या पिक्सेलशी जुळवून घेणे) आणि सबपिक्सेल पोझिशनिंग (अक्षर अपूर्णांकी पिक्सेलवर ठेवणे) हे तिन्ही पर्याय बंद करावे लागतात. त्यांपैकी तिसरा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो आणि मग अक्षरे जागच्या जागी थरथरल्यासारखी दिसतात.

‘प्रेस स्टार्ट टू पी’मध्ये एकच वजन, म्हणजे अक्षरांची एकच जाडी, आहे. बोल्ड किंवा इटॅलिकचे बटण दाबल्यास सॉफ्टवेअर स्वतःच अक्षर फुगवते किंवा कलते करते आणि ठिपके मोडतात. जोर द्यायचा असेल तर रंग बदलावा किंवा आकार थेट दुप्पट करावा.

तिसरी पायरी: अंतरे आणि मांडणी

अक्षरांमधले अंतर चौकटीतच धरलेले असल्यामुळे लेटर स्पेसिंग शून्य ठेवावे. वाढवायचेच झाल्यास एका ठिपक्याच्या पटीत वाढवावे, म्हणजे १६ च्या आकारात २ किंवा ४ पिक्सेलने. ओळींतले अंतर आर्केडमध्ये एकच ठिपका असे, कारण पडद्यावर ‘हाय स्कोअर’सारखे दोन-तीन शब्दच असत. आज तीन ओळींचा मजकूर असेल तर १६ च्या अक्षराला २४ ते ३२ पिक्सेलची ओळ द्यावी. हे दोन्ही आकडे २ च्या पटीत आहेत, त्यामुळे ठिपक्यांची जाळी वरपासून खालपर्यंत एकच राहते.

मधोमध मांडलेला मजकूर ही या शैलीतली नेहमीची फसवी जागा आहे. ३७५ पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर १३ अक्षरांचा शब्द १६ च्या आकारात २०८ पिक्सेल घेतो. उरलेल्या १६७ चे दोन भाग केले की प्रत्येकी साडेत्र्याऐंशी येतात आणि अख्खा शब्द अर्ध्या पिक्सेलवर जाऊन बसतो. यावर साधा उपाय म्हणजे मजकूर डावीकडे मांडणे, किंवा त्याच्या पेटीला ठरावीक सम रुंदी देऊन ती पेटी पूर्णांकी जागेवर ठेवणे.

एका चित्रात दोन मापांचे ठिपके येऊ देऊ नयेत. पिक्सेल चित्रे काढणारे अशा मिसळीला ‘मिक्सेल’ म्हणतात. मथळा १६ चा आणि उपमथळा ८ चा ठेवला तर त्या दोघांचे ठिपकेही वेगवेगळे होतात, पण दुपटीचे नाते स्पष्ट असल्यामुळे डोळा ते खपवून घेतो. मथळ्याचा ठिपका ४ पिक्सेलचा आणि शेजारच्या अंतराळयानाचा ३ पिक्सेलचा असला की मात्र काम उसनवारीचे दिसू लागते. लहान मजकुरासाठी पिक्सेल फॉन्ट छोटा करण्यापेक्षा साधा, स्वच्छ फॉन्ट वापरणे अधिक चांगले. पत्ता, वेळ, प्रवेश शुल्क आणि नियम या गोष्टी ठिपक्यांत लिहिण्याचा हट्ट धरू नये. पिक्सेल फॉन्टमधला सबंध परिच्छेद वाचण्याची शिक्षा वाचकाला का द्यावी?

रंगांच्या बाबतीत जुन्या यंत्रांची कंजुषी पाळली तर चुकण्याची शक्यता कमी होते. पहिल्या गेम बॉयच्या १६० × १४४ ठिपक्यांच्या पडद्यावर चारच छटा होत्या. पार्श्वभूमी, अक्षर, सावली आणि एक उठावाचा रंग, एवढे चार रंग पोस्टरलाही पुरतात. सावली देताना ती एक ठिपका उजवीकडे आणि एक ठिपका खाली सरकवावी आणि तिचा ब्लर शून्य ठेवावा. धूसर सावली, ग्रेडियंट आणि चकाकी या तिन्हींनी ठिपक्याची कड झाकली जाते, आणि या फॉन्टचे जे काही सौंदर्य आहे ते त्या कडेतच आहे. वेबसाइटवर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ असावा. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. जांभळ्यावर गुलाबी हा या शैलीचा लाडका जोड या कसोटीला अनेकदा उतरत नाही.

मराठी मजकूर असेल तेव्हा

‘प्रेस स्टार्ट टू पी’मध्ये रोमन, ग्रीक आणि सिरिलिक अक्षरे आहेत. देवनागरी नाही. त्यामुळे त्यात मराठी टाइप केले की संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो आणि ठिपक्यांच्या इंग्रजीशेजारी गुळगुळीत मराठी उभी राहते. जीएनयू युनिफॉन्ट या मोफत फॉन्टमध्ये १६ ओळींच्या चौकटीत देवनागरीही आहे, पण जोडाक्षरांची सुबक जुळणी त्याच्याकडून अपेक्षू नये. मथळ्यापुरते दोन-चार शब्द हवे असतील तर ते स्वतः काढणे हाच उत्तम मार्ग आहे आणि तो वाटतो तितका अवघड नाही. मुंबईच्या लोकल स्थानकांवरील इंडिकेटर रोज ठिपक्यांतच मराठी दाखवतात. ते थोडे थांबून पाहिले तर कोणते अक्षर ठिपक्यांत टिकते आणि कोणते कोसळते याचा चांगला अभ्यास होतो.

आठ ओळींत देवनागरी शब्द बसत नाही, कारण वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार आणि ऋकार अक्षराच्या खाली उतरतात. म्हणून १६ ओळींची चौकट घ्यावी आणि ती पुढीलप्रमाणे वाटावी. वरच्या ४ ओळी वरच्या चिन्हांना, पाचवी ओळ शिरोरेषेला, सहावी ते बारावी अशा ७ ओळी अक्षराच्या अंगाला, पुढच्या ३ ओळी खालच्या चिन्हांना आणि शेवटची एक ओळ रिकामी. शेजारी इंग्रजी शब्द असेल तर त्याचा पाय बाराव्या ओळीवर टेकवावा. त्याची सात ठिपक्यांची उंची सहाव्या ओळीपर्यंत येते आणि शिरोरेषा तिच्या एक ठिपका वर राहते. ही मांडणी डोळ्यांना समतोल वाटते.

रुंदी मात्र सर्वांना सारखी देऊ नये. ‘र’ला ५ ठिपके पुरतात आणि ‘ख’ला ११ लागतात. सर्वांना एकाच मापात कोंबले की ‘ख’ गुदमरतो आणि ‘र’ एकटा पडतो. शिरोरेषा अक्षराच्या पूर्ण रुंदीभर काढावी, म्हणजे शेजारचे अक्षर लागताच ती सलग होते.

खरी परीक्षा जवळच्या आकारांची असते. ‘व’ आणि ‘ब’ यांच्यात फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेषेचा आहे आणि ती रेषा दिसायची असेल तर पोटाची आतली जागा किमान ३ × ३ ठिपक्यांची हवी. शिरोरेषेपासून खालच्या आठ ओळींत ही दोन अक्षरे अशी बसतात:

■■■■■■■■　■■■■■■■■
□□□□□□■□　□□□□□□■□
□□□■■■■□　□□□■■■■□
□□■□□□■□　□□■■□□■□
□□■□□□■□　□□■□■□■□
□□■□□□■□　□□■□□■■□
□□□■■■■□　□□□■■■■□
□□□□□□■□　□□□□□□■□

पोटाची जागा एका ठिपक्याने कमी केली तर तिरक्या रेषेचे दोनच ठिपके उरतात आणि ‘बस’ की ‘वस’ हे वाचकाला अंदाजाने ठरवावे लागते. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ या जोड्यांमध्ये शिरोरेषेतील खंड हा मोठा आधार असतो. तो एका ठिपक्याचा ठेवल्यास चुकून राहिलेल्या फटीसारखा दिसतो, म्हणून दोन ठिपक्यांचा ठेवावा. ‘ख’चा पाय डाव्या भागापासून उजव्या पोटापर्यंत जोडलेलाच काढावा, अन्यथा त्याचे ‘रव’ होते.

सरावासाठी ‘खेळ सुरू’ हे दोन शब्द घ्यावेत. त्यांत वरची मात्रा आहे, खालचा उकार आहे आणि ‘ळ’ व ‘रू’ ही दोन नाठाळ अक्षरे आहेत. ‘ळ’च्या दोन्ही फुग्यांत किमान दोन-दोन ठिपक्यांची जागा मोकळी हवी. म्हणजे रेषांचे तीन ठिपके आणि मोकळे चार मिळून सात, आणि दोन्ही बाजूंचा एकेक धरून नऊ ठिपके रुंदी झाली. ‘सु’चा उकार खाली जातो, पण ‘रू’चा उकार अक्षराच्या मध्यावर उजवीकडे जोडला जातो. सगळे उकार एकच तुकडा म्हणून खाली चिकटवणाऱ्यांचा ‘रू’ हमखास परका दिसतो. ‘ख’ ११, ‘ळ’ ९, मधली मोकळी जागा ५, ‘स’ ९ आणि ‘रू’ ८ असे धरले तर सगळी ओळ ४२ ठिपक्यांची होते. त्यानंतर ‘दुसऱ्या’, ‘वर्षांत’, ‘ऑर्डर’ आणि ‘कृपया’ हे शब्द काढून पाहावेत. ‘ऱ्य’मधला अर्धा र, रफार आणि अनुस्वार एकत्र आल्यावर होणारी दाटी, अर्धचंद्र आणि ऋकार या चारही गोष्टी त्यांत तपासल्या जातात. ‘द्ध’ किंवा ‘ट्ट’ यांसारखी एकाखाली एक रचली जाणारी जोडाक्षरे सात ओळींत मावत नाहीत. तेथे हलन्त दाखवून अक्षरे शेजारी-शेजारी लिहिणे पत्करावे.

इंग्रजीतल्या आर्केड अक्षरांशी जाडी जुळवायची असेल तर उभे दांडे दोन ठिपक्यांचे करावेत. अशा वेळी अंगाच्या ओळी ७ वरून ९ किंवा १० कराव्या लागतात आणि चौकटही त्या प्रमाणात उंच होते. मोठ्या मथळ्याला ही जाडी शोभते. गेममधल्या बारीक सूचनांना एका ठिपक्याची रेषाच बरी.

काढलेल्या अक्षरांचा पूर्ण फॉन्ट करायचा असल्यास फॉन्टफोर्जसारखे मोफत साधन आहे, पण देवनागरी फॉन्ट म्हणजे नुसती अक्षरचित्रे नव्हेत. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते व्यंजनाच्या आधी. रफार अक्षराच्या आधी उच्चारला जातो आणि चढतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. हे सगळे नियम ओपनटाइपच्या, म्हणजे फॉन्ट फाइलच्या प्रचलित स्वरूपाच्या, तक्त्यांमध्ये लिहावे लागतात आणि ते वाचणारी यंत्रणा गेम इंजिनमध्येही असावी लागते. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून ती आहे. जेथे ती नसेल तेथे वाक्ये चित्ररूपात तयार करून वापरणे हा कमी दगदगीचा मार्ग आहे. छोट्या गेममध्ये मराठी वाक्ये चाळीस-पन्नासच्या वर क्वचितच जातात.

छपाई, कापड आणि छोटे पडदे

छपाईत ठिपका मिलिमीटरमध्ये मोजावा. ए-३ कागदाची रुंदी २९७ मिलिमीटर असते. दहा अक्षरांच्या इंग्रजी मथळ्याचे ८० ठिपके होतात आणि ठिपका ३ मिलिमीटरचा ठेवल्यास मथळा २४० मिलिमीटर रुंद होऊन दोन्ही बाजूंना साडेअठ्ठावीस मिलिमीटर समास उरतो. याच ठिपक्यात ‘खेळ सुरू’ १२६ मिलिमीटर रुंद होईल, म्हणजे तो दुप्पट ठिपक्यात, २५२ मिलिमीटर रुंदीत, मुख्य मथळा म्हणूनही घेता येतो.

फ्लेक्स किंवा टी-शर्टसाठी फाइल देताना अक्षरे कर्व्हजमध्ये, म्हणजे फॉन्टवर न विसंबणाऱ्या आकृत्यांमध्ये, बदलून पीडीएफ द्यावी, कारण छापखान्याच्या संगणकावर आपला फॉन्ट असेलच असे नाही. स्वतः काढलेल्या मराठी अक्षरांचे सुटे चौकोन कोरलड्रॉमध्ये वेल्ड करून प्रत्येक अक्षराची एकसंध आकृती करावी. तसे न केल्यास शेजारच्या चौकोनांमध्ये केसाएवढी पांढरी रेघ दिसते आणि विनायल कापणारे यंत्र तर प्रत्येक चौकोन वेगळा कापते. चित्र म्हणून फाइल द्यायची असेल तर पीएनजीच द्यावी. जेपीईजीमध्ये अक्षरांच्या कडेभोवती मळकट डाग उमटतात, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र पुन्हा दाबले जाते. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

क्रॉस स्टिच करणाऱ्यांना या फॉन्टसाठी वेगळा नकाशा काढावा लागत नाही, कारण एक ठिपका म्हणजे एक फुली. इंचाला १४ घरे असलेल्या कापडावर ८० ठिपक्यांचा मथळा सुमारे साडेचौदा सेंटिमीटर होतो. उभे दांडे दोन फुल्यांचे असल्यामुळे ते कापडावर चांगले भरलेले दिसतात. हौशी इलेक्ट्रॉनिक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या १२८ × ६४ च्या छोट्या ओएलईडी पडद्यावर ८ ठिपक्यांची इंग्रजी अक्षरे १६ स्तंभ आणि ८ ओळींत बसतात. वर सांगितलेल्या १६ ओळींच्या चौकटीतली मराठी तेथे चार ओळींत बसते, आणि घरगुती तापमापक किंवा टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या यंत्रासाठी चार ओळी पुरेशा असतात.

फाइल देण्यापूर्वी ती आठशे टक्के मोठी करून एकदा पाहावी. प्रत्येक ठिपका चौकोनी आहे का, करड्या कडा कुठे राहिल्या आहेत का, सावली सगळीकडे एकाच दिशेला आणि एकाच ठिपक्याने सरकली आहे का, आणि ‘ब’चे पोट भरून गेले आहे का, हे त्या आकारात लगेच कळते. त्यानंतर तेच काम मूळ मापात, पोस्टर असेल तर भिंतीवर लावून आठ-दहा फुटांवरून, आणि गेम असेल तर प्रत्यक्ष फोनवर उन्हात धरून, मजकूर आधी न वाचलेल्या माणसाला वाचायला द्यावे. तो जेथे अडखळेल तेथले एक-दोन ठिपके हलवावेत.